पान शहाण्णव

शुक्रवारच्या बाजारात, जुन्या टोस्टरांच्या ढिगामागे
अडीचशे फिल्सना दोन, असं ओरडत होता तो.
तहूराने एकच घेतलं. दुसऱ्याला कव्हर नव्हतं.
जपानी चित्रकथा, इंग्रजीत आणलेली.
मुखपृष्ठावर दोघी, सायकल दुरुस्तीच्या दुकानात,
एकीच्या गालाला ग्रीस.

"प्रेमाची आहे," ती म्हणाली, भाव विचारल्यासारखं.
"कुणाच्या?"
"ह्या दोघींच्याच गं." आणि लगेच,
"पाणी घेतलंस का? ऊन बघ."

फहाहीलच्या बसमध्ये मी वाचायला घेतली,
मिरजेच्या शाळेत शिकवलं तशी, डावीकडून.
पहिल्याच चित्रात बोट सुटलेली,
धक्क्यावर एक जण, हात अर्धा वर.
पुढच्या पानावर बोट मागे मागे आली,
दोर आपला आपण खांबाला गुंडाळला गेला,
दुसरी उतरली, बॅग खाली ठेवली,
दोघींचं रडणं डोळ्यांत परत गेलं.
मला वाटलं, काय सुंदर गोष्ट आहे.

तहूरा इतकी हसली की पुढच्या सीटवरचे वळून बघायला लागले.
"अगो सुके, उजवीकडून! अरबीसारखी!"
ती इथलीच, दापोली तिला सुट्टीपुरती ठाऊक.
रस्त्यावरच्या पाट्या ती त्या टोकाने वाचते, मी ह्या,
आणि 'फार्मसी'पाशी कुठेतरी गाठ पडते.
सुकेशनी हे नाव तिने पहिल्याच आठवड्यात तोडलं होतं.
सुके. सुके बोंबील.
क्लिनिकच्या रिसेप्शनवरून लॅबपर्यंत, तीन वर्षं, तीच हाक.

पान शहाण्णववर मार्कर फिरवलेला.
अख्खी चौकट काळी. कुणीतरी ऑफिसात बसून,
चहा पीत, पट्टी लावून फिरवलेला.
अलीकडच्या चौकटीत सायकलचं चाक फिरतंय,
पलीकडच्या चौकटीत तेच चाक थांबलंय.

रात्री तिने पान खिडकीला धरलं.
अहमदीच्या बाजूला रिफायनरीची ज्योत जळत होती,
त्या नारिंगी उजेडात काळ्याखालून
दोन नाकं दिसली. बास, नाकंच.
"जवळ आहेत," ती म्हणाली.
"हो," मी म्हणाले.
एसीचं पाणी बादलीत ठिबकत होतं.
तिचं कोपर माझ्या कोपराला लागलं होतं,
आणि ते हलवायचं दोघींच्याही लक्षात आलं नाही,
म्हणजे आलं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून स्पिरिटचे बोळे आणले.
सुई टोचण्याआधी पुसते तितकंच हलकं पुसलं.
काळं निघालं. त्याच्याबरोबर नाकंही.
उरली एक पांढरी, फुगलेली, ओलसर चौकट.
मला रडू यायला लागलं, सत्ताविसाव्या वर्षी, एका चित्रासाठी.
तहूराने बॉलपेन काढलं,
जीभ दातांत धरून त्या जागी
दोन बोंबील काढले, दोरीवर टाकलेले.
हर्णैला असेच वाळवतात म्हणाली,
जोडी जोडीने, जबड्यात जबडा अडकवून.
एकाच्या गालाला तिने ग्रीस लावलं.

मार्चमध्ये तिच्या अब्बांचा इकामा संपला.
अडतीस वर्षांचं घर सोळा खोक्यांत बसलं.
"ह्या वयात दोघांना एकटं कसं सोडू?"
मी म्हटलं, खरंय.
दुसरं काही सुचलं नाही की मी खरंय म्हणते.
विमानतळावर दोर नसतो, खांब नसतो.
एक काचेचं दार, तिच्यामागे दोनदा उघडलं,
दुसऱ्यांदा उगाचच.

पुस्तक माझ्याकडे राहिलं.
धुळीचं वारं सुटलं की फटीत ओला टॉवेल कोंबून
मी ते माझ्या बाजूनं वाचते.
बोट परत येते. बॅग खाली ठेवली जाते.
पण असंच वाचत गेलं तर त्या टोकाला
दोघी एकमेकींना ओळखतही नाहीत.
एक पंक्चर सायकल धरून दारात उभी,
दुसरी मान वर करत नाही.
तिथवर मी जात नाही.
शहाण्णववर थांबते. एकशे एक्याण्णव पानांत
कुठूनही मोजलं तरी ते मधलंच.

परवा तिचा फोन आला. मागे समुद्र,
कुणीतरी सुरमईचा भाव ओरडत होतं.
"सुके, काय करतेस?"
"वाचतेय."
जरा वेळ नुसताच वारा.
"कुठल्या बाजूनं?"